आजीचा दिवस आणि घड्याळाचा दिवस

प्रिय मित्रा,

फोनवरच सांगणार होतो, पण हे पाच मिनिटात उरकण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय. यंदा आठवीच्या पोरांना किल्लारीच्या भूकंपावर तीन मिनिटांची डिजिटल गोष्ट करायला लावली. म्हणजे घरच्या म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर बोलतं करायचं, त्यातून स्क्रिप्ट लिहायची, वर चित्रं-फोटो लावून व्हिडिओ. पाच-पाच जणांचे गट.

एका गटात पहिल्याच आठवड्यात भांडण. आजी म्हणते भूकंप गणपती विसर्जनाच्या रात्री झाला आणि पुस्तकात ३० सप्टेंबर १९९३. एकजण म्हणाला आजी विसरली असंल, कट करून टाकू. जिची आजी ती पोरगी रडायलाच लागली. मला लई वाटलं सांगून मोकळं व्हावं, पण गप्प बसलो. दोन दिवसांनी तेच पळत आले, सर, विसर्जन २९ ला होतं आणि धक्का पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी! आजीचा दिवस उजाडल्यावर बदलतो, घड्याळाचा रात्री बारालाच. दोघंबी बरोबर. अरे, हे मी वर्षभर शिकवून शिकवता आलं नसतं.

मग नेटवरून एक पडक्या घरांचा फोटो आणला, भारी होता, तर मागं बसणारा पोरगा म्हणतो, आपल्याकडं बर्फाचा डोंगर कुठून आला? फोटो गेला. त्या जागी वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलीनं माळवदाचं चित्र काढलं, खाली दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडं, त्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी टाकलेल्या मातीचे थर एकावर एक. ते बघून सगळा गट शांत झाला. एवढी माणसं का गेली याचं उत्तर त्यांना त्या चित्रात दिसलं. एक आजोबा मात्र म्हणाले होते, मरण लिहिलेलं होतं. ते ठेवायचं का यावर परत तासभर वाद, शेवटी ठेवलं, पण त्याच्या लगेच पुढं माळवदाचं चित्र लावलं. हा निर्णय त्यांचा, माझा नाही.

एडिटिंग एकाच पोराला येत होतं, आता पाचही जणांना येतं.

तुझ्याकडं पाटणला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारी माणसं अजून आहेत ना? दिवाळीच्या सुट्टीआधी चालू कर. तुझी पोरं काय काय प्रश्न विचारतात ते लिहून पाठव, आमची पोरं वाट बघतायत.

तुझाच,
औशाचा मास्तर