गट टिकावा म्हणून

महोदय,

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात 2012 मध्ये एका पदव्युत्तर वर्गातून ‘कलर्ड कन्व्हेन्शन्स प्रोजेक्ट’ उभा राहिला. 1830 पासून हक्कांसाठी भरलेल्या कृष्णवर्णीयांच्या परिषदांची इतिवृत्ते तो डिजिटल करतो. इतिवृत्तांत नावे बहुतांशी पुरुषांची. म्हणून प्रत्येक प्रतिनिधीबरोबर त्याच्याशी संबंधित स्त्रीचाही शोध घ्यायचा, हा तिथला दंडक फार मोलाचा आहे. जुन्या, पुसट छपाईवर संगणकाचे यंत्रवाचन अडखळते. त्यामुळे 14 फेब्रुवारीला, गुलामगिरीविरोधी कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मरणार्थ पाळल्या जाणाऱ्या डग्लस दिनी, स्वयंसेवक एकत्र बसून कृष्णवर्णीय इतिहासाची कागदपत्रे हाताने उतरवतात.

विद्यार्थ्यांच्या बळावर चालणारे असे गट मोडतात ते विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावर. म्हणून कामाची पद्धत लेखी असावी, जुन्या-नव्यांनी एक सत्र जोडीने काम करावे, आणि विद्यार्थ्यांना मानधन व श्रेयनामावलीत जागा द्यावीच. सत्यशोधक समाजाच्या कागदपत्रांसाठी आपल्या विद्यापीठांनीही असा गट उभारावा.

– एक वाचक