'बोट्स' या हाकेविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे पत्र पोहोचले. स्मरणिकेत माझ्या नावाखाली 'अमेरिकी नौदलातील निवृत्त नौसैनिक' एवढे छापले तर चालेल का, असे तू विचारले आहेस. त्याच्याच खाली, जरा खोडसाळपणे, असेही लिहिले आहेस की २०१६ साली आमची पदनामे गेली तेव्हा पगार तोच, पायरी तीच आणि काम तेच असताना आम्ही एवढा गहजब का केला, हे तुला आजवर उमगलेले नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, पण ते एका ओळीत मावण्यासारखे नाही.

आधी दोन शब्द वेगळे करतो, कारण बाहेरचा माणूस हमखास तिथेच अडखळतो. आमच्याकडे 'रेट' म्हणजे पगाराची पायरी आणि 'रेटिंग' म्हणजे हातातले कसब. भूदलात सार्जंट हा सार्जंट असतो. तो तोफेवरचा की मुदपाकखान्यातला, हे त्याला मारलेल्या हाकेतून कळत नाही. अमेरिकी नौदलात मात्र पायरी आणि कसब एकाच पदनामात गुंफलेले असतात. मी 'बोसन्स मेट सेकंड क्लास' होतो, कागदावर थोडक्यात 'बीएम-टू'. त्यातल्या 'टू'वरून माझी पायरी कळे आणि 'बीएम'वरून हे कळे की नांगर, दोरखंड, होड्या, रंगकाम आणि उघड्या डेकवरची सगळी उस्तवार माझ्याकडे आहे. आपल्या किनाऱ्यावरचे खलाशी ज्याला सारंग म्हणत, त्याच घराण्यातले हे काम. बाहीवरच्या बिल्ल्यात पंख पसरलेला गरुड, त्याखाली प्रत्येक कसबाची खूण आणि त्याखाली पायरीच्या पट्ट्या असतात. माझी खूण एकमेकांवर आडवे टाकलेले दोन नांगर, तोफवाल्यांची दोन तोफा आणि कारकुनी सांभाळणाऱ्या योमनची दोन पिसांच्या लेखण्या. (त्या रुबाबदार गरुडाला सगळे नौदल 'कावळा' म्हणते, हे जाता जाता सांगून ठेवतो.)

पण अधिकृत नावापेक्षाही अंगात मुरते ती हाक. बोसन्स मेटला सगळे 'बोट्स' म्हणतात, तोफवाल्याला 'गन्स' आणि औषधोपचार करणाऱ्या हॉस्पिटल कोअरमनला 'डॉक'. समुद्रात तेलवाहू जहाजाकडून इंधन घेताना दोन जहाजे जेमतेम पन्नास मीटर अंतर राखून शेजारी शेजारी धावत असतात. मधले पाणी उकळल्यासारखे उसळते, दोन्हींच्या मध्ये ताणलेल्या तारा आणि नळ्या असतात, आणि एखादा दोर ताणाखाली तुटला तर तो चाबकासारखा उलटून माणसाचा पाय नेऊ शकतो. अशा वेळी कोणी 'पेटी ऑफिसर' (मधल्या पायऱ्यांवरच्या सगळ्यांचे सामाईक नाव) अशी हाक मारली तर डेकवरच्या दहा जणांनी माना वळवल्या असत्या. 'बोट्स!' म्हटले की एकच माणूस वळतो, आणि ज्याने वळायला हवे तोच वळतो. ते नाव आम्ही शोभेसाठी मिरवत नव्हतो, त्यावर रोजचे काम चालत होते.

माझ्या टेबलाच्या खणात अजून माझी बोसनची शिट्टी आहे. तळहाताएवढी ही वस्तू, पण तिच्या भागांची नावे ऐक: लांब नळी म्हणजे 'गन', टोकाचा गोळा म्हणजे 'बॉय' (पाण्यात तरंगतो तो बोया), खालची चपटी पट्टी म्हणजे 'कील' आणि साखळी अडकवायची कडी म्हणजे 'शॅकल'. मुठीत धरून बोटे उघडली तर खालचा सूर निघतो, गोळ्याभोवती बोटे मिटली की वरचा. पहिले तीन आठवडे मला नुसती फुंकर ऐकू यायची. ज्या वरिष्ठाने ती मला शिकवली, त्याने बोटे कशी मिटायची ते माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून दाखवले, आणि त्यालाही कोणीतरी तसेच दाखवले होते. 'बोसन्स मेट' हे नाव उच्चारताना मला आधी ती मूठ आठवते, इतिहास नंतर. इतिहासही लहान नाही म्हणा. बोसन, तोफवाला आणि क्वार्टरमास्टर (सुकाणू व दिशादर्शन पाहणारा) ही नावे अठराव्या शतकापासून, म्हणजे ते नौदल उभे राहिले तेव्हापासून, त्याच्या जहाजांवर आहेत.

आता २०१६ कडे येतो. त्या वर्षाच्या आरंभी नौदल सचिव रे मेबस यांनी, स्त्रियांना सर्व कामे खुली होत असताना, ज्या पदनामांत 'मॅन' आहे त्यांचा फेरविचार करण्यास सांगितले. हा विचार मला तेव्हाही गैर वाटला नाही आणि आजही वाटत नाही. पण २९ सप्टेंबरला जो आदेश निघाला त्याने 'मॅन' असलेली तेवढी नावे बदलण्याऐवजी सगळीच्या सगळी ९१ पदनामे एका फटक्यात काढून टाकली. यापुढे सगळे नुसते 'पेटी ऑफिसर' किंवा 'चीफ', आणि कसबाच्या जागी अक्षर व आकड्यांचा एक सांकेतिक क्रमांक. सांगितलेली कारणे शहाणपणाची होती: एका कामातून दुसऱ्या कामात जाणे सोपे व्हावे आणि नौदलातले कौशल्य बाहेरच्या नोकरीत ओळखले जावे. गंमत अशी की 'मॅन' हटवण्यापासून निघालेल्या या वाटेने सर्वांत खालच्या तीन पायऱ्यांवरच्या मुलामुलींना, एअरमन (विमानांकडचे) आणि फायरमन (इंजिनांकडचे) हे भेद पुसून, सरसकट 'सीमन', म्हणजे पुन्हा 'मॅन'च, करून टाकले!

आमच्या चीफने तो आदेश सकाळच्या हजेरीला वाचून दाखवला, कागदाची नीट चार घड्यांत घडी केली आणि म्हणाला, "चला, बोट्स, कामाला लागा." आदेशाला झालेला एवढाच विरोध मी त्या डेकवर पाहिला. खरा संताप रात्री जेवणाच्या टेबलांवर निघाला, आणि व्हाइट हाउसकडे केलेल्या अर्जावर महिन्याभरात एक लाखाहून अधिक सह्या झाल्या.

माझ्या हाताखाली तेव्हा एक विशीतली मुलगी होती. दोन वर्षे तिने गंज खरवडला होता, रंगाचे डबे वाहिले होते, 'डेकवरची माकडे' हे आमच्या खात्याला मिळणारे टोमणे ऐकले होते, आणि सप्टेंबरमध्ये, आदेश निघण्याच्या काही दिवस आधी, तिने बोसन्स मेट थर्ड क्लासची परीक्षा दिली. निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला तेव्हा ती उत्तीर्ण होती, पण जे नाव मिळवण्यासाठी ती परीक्षेला बसली ते नावच उरले नव्हते. ती रडली वगैरे नाही. संध्याकाळी दोरखंडाच्या कोठारात येऊन तिने मला एवढेच विचारले, "मला बोट्स म्हणायला तुमची हरकत नाही ना?" 'सीमन' म्हणवून घेताना तिला हसू यायचे, कधी चिडही यायची, 'बोट्स' मात्र तिला हवे होते, कारण ते तिने कमावले होते. तुझ्या 'एवढे काय' या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला आजवर सुचलेले नाही.

असे असले तरी आमच्या बाजूचे सगळेच बोलणे मला पटले असे समजू नकोस. '२४१ वर्षांची परंपरा' अशी घोषणा तेव्हा फार गाजली. ती अर्धीच खरी होती. नावे सतत बदलत आली आहेत. शिडाच्या जहाजांवर जखमींना पेज भरवणाऱ्या पोऱ्याला त्या पेजेवरूनच 'लॉबलॉली बॉय' म्हणत. १८९८ मध्ये हॉस्पिटल कोअर स्थापन झाले, पुढे 'फार्मासिस्ट्स मेट' आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 'हॉस्पिटल कोअरमन'. बावट्यांची भाषा जाणणारे सिग्नलमन २००३ मध्ये क्वार्टरमास्टरांत विरून गेले, आणि त्या दिवशी कोणी लाखभर सह्या गोळा केल्या नाहीत.

शिवाय काही नावे ही माणसाला खाली दाबून ठेवण्याची सोय होती. काळ्या खलाशांना कित्येक वर्षे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जेवणघरातच नोकरी मिळे. फिलिपिनो खलाशांची गतही पुष्कळ काळ तीच होती. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरला 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर डोरिस मिलर या काळ्या खलाशाने, ती चालवण्याचे कोणतेही शिक्षण मिळालेले नसताना, विमानवेधी मशीनगन चालवली आणि त्याला नेव्ही क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. पण त्याचे पदनाम 'मेस अटेंडंट' होते, आणि तोफवाल्याचे पदनाम त्याला खुले नव्हते. जेवणघरातल्या या सेवकांचे 'स्ट्युअर्ड' हे रेटिंग १९७५ मध्ये स्वयंपाक्यांच्या रेटिंगमध्ये मिसळले, आणि २००४ पासून ते लोक 'कलिनरी स्पेशालिस्ट', म्हणजे पाककलेतले जाणकार, झाले. तो बदल मी आनंदाने मान्य करतो, कारण तिथे जाचक नाव जाऊन कसबाचे नाव आले. आमच्या बाबतीत उलटे घडले होते: कसबाचे नाव जाऊन आकडा आला होता, आणि तोही ज्यांचे नाव जात होते त्यांच्याशी फारसे न बोलता.

२१ डिसेंबरला, म्हणजे ८३ दिवसांनी, नौदलप्रमुख ॲडमिरल जॉन रिचर्डसन यांनी सगळी पदनामे परत दिली आणि खलाशांच्या म्हणण्यावरूनच हे केल्याचे मोकळेपणाने सांगितले. वरचा माणूस पाऊल मागे घेतो तेव्हा त्याचे मला कौतुक वाटते, कारण नौदलात ते क्वचितच घडते. कामे बदलणे सोपे करण्याची योजना नंतरही चालू राहिली. तिला नावांचा बळी लागत नव्हता, हे त्यातून दिसलेच. त्या दिवशी कोठाराच्या दारावर खडूने कोणीतरी दोन आडवे नांगर काढले होते. कोणी, ते मी विचारले नाही. पण त्या मुलीच्या बाहीला खडू लागलेला होता.

तेव्हा स्मरणिकेत 'नौसैनिक' छापू नकोस. 'बोसन्स मेट फर्स्ट क्लास, अमेरिकी नौदल (निवृत्त)' असे छाप. निवृत्तीपूर्वी मी एक पायरी वर चढलो होतो, ते तुला सांगायचे राहिले असावे. जागा कमी पडली तर 'अमेरिकी नौदल' गाळ, 'फर्स्ट क्लास'ही गाळ. मुद्रिते तपासताना 'बोसन'चे 'बोस' होऊ देऊ नकोस, एवढी विनंती.

तुझा,
बोट्स