खडू सगळ्यांच्या हाती द्या

महोदय,

‘काम जवळजवळ झालंय’ या वाक्याचा अर्थ बैठकीतला प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. तेच काम फळ्यावर चौकोन आणि बाण काढून मांडलं, की कुठला बाण अधांतरी सुटलाय हे कुणी न सांगताही दिसतं.

जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी १९६०च्या दशकात विखुरलेले मुद्दे असेच डोळ्यांसमोर मांडून जुळवण्याची एक साधी पद्धत रूढ केली. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा लिहायचा, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, एकमेकींशी जुळतील त्या जवळ ठेवायच्या आणि त्या गटाला नाव शेवटी द्यायचं. खरी मेख या ‘शेवटी’मध्ये आहे. शीर्षकं आधीच ठरली, की माणसं आपले मुद्दे त्यांत कसेबसे कोंबतात. शिवाय चिठ्ठीवर हुद्दा नसतो. एरवी गप्प बसणाऱ्याचं म्हणणंही साहेबांच्या म्हणण्याशेजारी येऊन बसतं. (साहेबांचं अक्षर सगळे ओळखतात, हा भाग वेगळा!)

हल्ली मात्र एकट्याने रंगवून आणलेल्या स्लाइड पडद्यावर सरकतात आणि बाकीचे माना डोलावतात. याला देवाणघेवाण कसं म्हणायचं?

फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकला की माहिती जपली गेली, हाही भ्रमच. महिन्याभराने तो बाण कशासाठी होता, हे काढणाऱ्यालाही आठवत नाही. आकृतीखाली तारीख आणि निर्णयाचं कारण लिहायलाच हवं. आणि गटात कुणी दृष्टिहीन सहकारी असेल, तर आकृती मोठ्याने वाचून दाखवायची जबाबदारी ती काढणाऱ्याची.

– एक वाचक