मंत्रिमहोदय, यंत्राला ‘का?’ विचारायलाही शिकवू द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, कृत्रिम बुद्धिमत्तेचे अभ्यासक्रम आखायची सध्या घाई चालली आहे. हाती येणाऱ्या मसुद्यांत डेटा असतो, न्यूरल नेटवर्क असतं, चॅटबॉटला प्रश्न कसा विचारावा हेही असतं. लॉजिक प्रोग्रामिंग, म्हणजे तर्काचे नियम लिहून प्रोग्राम करणं, मात्र नसतं. फार तर इतिहासाच्या धड्यात त्यातल्या मुख्य भाषेचं नाव, ‘प्रोलॉग’ हा शब्द, आणि परीक्षेत त्यावर दोन गुणांची टीप. ही भाषा मी बरीच वर्षं शिकवत आलो आहे, त्यामुळे माझं म्हणणं थोडं पक्षपाती वाटेल. तरी ऐकून घ्यावं.

एरवी आपण संगणकाला कृती सांगतो: आधी हे कर, मग ते कर. प्रोलॉगमध्ये काय खरं आहे ते सांगायचं आणि प्रश्न विचारायचा. पहिल्या तासाला मी फळ्यावर एकच ओळ लिहितो:

मामा(_म, _भ) :- आई(_आ, _भ), भाऊ(_म, _आ).

म्हणजे ‘आ’ ही ‘भ’ची आई असेल आणि ‘म’ हा ‘आ’चा भाऊ असेल, तर ‘म’ हा ‘भ’चा मामा. (प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल, म्हणजे कुठल्याही नावासाठी ठेवलेली मोकळी जागा, कॅपिटल अक्षराने किंवा अंडरस्कोअरने सुरू होतं. देवनागरीत कॅपिटल आणायचं कुठून? म्हणून हे अंडरस्कोअर.) मग चार-सहा नाती भरायची आणि विचारायचं, गीताचा मामा कोण? उत्तर येतं, त्याचं कुणाला फारसं काही वाटत नाही. गंमत येते ती पुढच्या प्रश्नाला: सुरेश कुणाकुणाचा मामा? नियमाला कुणी हात लावलेला नसतो, आणि तीच ओळ आता भाचरांची यादी देते.

सगळं इतकं गोड नाही. एकदा मी ‘पूर्वज’चा नियम (आईवडिलांचा पूर्वज तो आपलाही पूर्वज) लिहिताना त्यातल्या दोन अटी उलट क्रमाने मांडल्या: ‘पूर्वज कोण’ ही आधी आणि ‘आईवडील कोण’ ही नंतर. तर्काच्या दृष्टीने वाक्य अगदी बरोबर होतं, पण पूर्वज शोधायला यंत्र पुन्हा पूर्वजाकडेच जायला लागलं आणि मेमरी संपेपर्यंत तिथेच फिरत राहिलं. सगळा वर्ग बघत होता. दोन अटींची अदलाबदल केली आणि क्षणात उत्तर आलं. विधान खरं असणं वेगळं आणि ते ठरावीक क्रमाने तपासून पाहणं वेगळं, हे मुलांना त्या दिवशी माझ्या फजितीतून कळलं.

आता आपल्या कामाची गोष्ट. प्रोलॉगला जे सिद्ध करता येत नाही ते ती ‘नाही’ म्हणून सांगते. गीताच्या आईची नोंदच भरली नसेल, तर गीताला मामा नाही असं उत्तर मिळतं, तेही बेधडक. हीच गोष्ट शिष्यवृत्तीच्या अर्जाला लावून पाहा. उत्पन्नाची नोंद सापडली नाही म्हणून ‘अपात्र’ आणि उत्पन्न जास्त आहे म्हणून ‘अपात्र’, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण पडद्यावर शब्द एकच दिसतो. ज्या मुलाने हे नियम स्वतः लिहिलेत, ते उद्या अशी प्रणाली बांधताना दोन्ही उत्तरं वेगळी ठेवेल.

कायदा अशा नियमांत मांडता येतो हे फार पूर्वीच करून दाखवलेलं आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी ब्रिटनचा 1981चा नागरिकत्व कायदा लॉजिक प्रोग्रामच्या रूपात लिहून 1986 साली प्रसिद्ध केला. त्यांतले एक रॉबर्ट कोवाल्स्की. 1972च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये प्रोलॉग घडली, तिच्या सिद्धांताचा पाया घालण्यात त्यांचाही वाटा होता.

प्रोलॉग फोटोतली मांजर ओळखणार नाही, निबंधही लिहून देणार नाही. जपानने 1982 मध्ये लॉजिक प्रोग्रामिंगच्या भरवशावर ‘पाचव्या पिढीच्या’ संगणकांचा प्रकल्प काढला. तो दहा वर्षं चालला आणि बाजारात त्याचं फारसं काही उभं राहिलं नाही. तेव्हापासून हा विषय जुनापुराणा म्हणून बाजूला पडला. पण तर्काची गरज काही संपली नाही. 2024 साली गूगलच्या डीपमाइंड कंपनीच्या अल्फाजॉमेट्री या प्रणालीने गणिताच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधली 30 पैकी 25 भूमितीची गणितं सोडवली, ती दोघांना एकत्र आणून: भाषेचं मॉडेल नवी रेषा किंवा बिंदू सुचवतं आणि तर्काचं इंजिन एकेक पायरी सिद्ध करतं. आपण मुलांना यातलं पहिलंच अर्धं शिकवणार आहोत.

मागणं फार मोठं नाही. अभ्यासक्रमात तीन आठवड्यांचं प्रात्यक्षिक द्या. प्रोलॉग चालवणारं एक सॉफ्टवेअर, एसडब्ल्यूआय-प्रोलॉग, फुकट मिळतं आणि जुन्या संगणकांवरही चालतं. शिक्षकांना मात्र आधी स्वतः चार प्रोग्राम लिहायला लावा, नाहीतर पुन्हा व्याख्या पाठ करून घेतल्या जातील. परीक्षा कागदावर नको. मुलाला खरेखुरे नियम द्या, ते प्रोलॉगमध्ये उतरवू द्या, आणि दहा अर्जांपैकी प्रत्येकाला कुठल्या अटीमुळे होकार किंवा नकार मिळाला ते त्याला तोंडी सांगू द्या.

सुरुवात आपल्याच खात्याच्या शिष्यवृत्तीच्या नियमांपासून करता येईल. त्यांतली एकमेकांना छेद देणारी कलमं मुलं पहिल्याच आठवड्यात शोधून काढतील, तेवढी तयारी असावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक