टाचेचं विचारणार नव्हते

प्रिय निनाद,

काल तुला ट्रेनिंगला सोडून आलो आणि रात्री दोनला मी नेहमीसारखी उठून तुझ्या खोलीत गेले, तर पलंग रिकामा. गजर लावला नव्हता तरी जाग आली, तुझ्या मणक्याला इजा झाली तेव्हापासून अडीच वर्षं दर दोन तासांनी तुझी कूस बदललीय ना.

निघताना तू चिडलास ते बरोबरच होतं. व्हीलचेअरला ब्रेक लावून, मांडीखाली सरकायची फळी घालून तू तुझा तू गाडीत सरकत होतास, हात लावू नको म्हणालास, मी तरी खांदा धरला आणि तुझा तोल गेला. माझ्यामुळे गेला. सॉरी.

पण टाचेकडे लक्ष ठेव. रोज दोनदा आरशात टाचा, माकडहाड बघायचं, लाल डाग दाबून पांढरा पडत नसेल तर तिथे भार द्यायचा नाही. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून मिनिट-दोन मिनिटं तसंच थांबायचं, पटकन उठून टेकलं तर उपयोग नाही. आंघोळीचं पाणी हाताने बघ, पायाला चटका कळणार नाही. झालं, सुरू झालं माझं लेक्चर. तुला हे सगळं माझ्याहून चांगलं येतं, माहितेय मला.

पण पहिल्या वर्षीची दाबाने झालेली ती जखम जात नाही रे डोळ्यासमोरून. पेराएवढा डाग होता, मी म्हटलं उद्या बघू. मग चार महिने पालथा, ताईच्या लग्नाचे फोटोसुद्धा तसेच बघितलेस. तेव्हापासून कुणावर विसंबवत नाही, तुझ्यावरही नाही, आज लिहूनच टाकते.

तुमचे ट्रेनर स्वतः व्हीलचेअरवर, ते काल बाबांशी बोलत होते. म्हणाले, कपडे घालायला पाऊण तास लागतो म्हणून त्याने कुणाची मदत घेतली तर तेही स्वावलंबनच, फक्त काय करायचं आणि कसं हे त्याने सांगायचं, आणि ते सांगायलाही शिकावं लागतं. मग १९४४ सालच्या इंग्लंडमधल्या डॉ. गुटमनांचं सांगितलं. तोवर मणक्याला इजा झालेली माणसं जखमा चिघळून, मूत्रपिंडं बिघडून जायची, त्यांनी दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, आणि तेवढ्यावर न थांबता पेशंटना कामाला लावलं, १९४८ मध्ये धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. मी गाडीत बसून ऐकत होते. मी कूस बदलण्यापाशीच थांबले होते.

सकाळी पाठवलेला व्हिडिओ बाबांनी चारदा बघितला. मोजा चढवताना जीभ बाहेर येते तुझी, पहिलीत बुटाची नाडी बांधताना यायची तशी. मला इतकं बरं वाटलं. फक्त मोजे उलटे घाल, शिवण आत रुतते.

आज टाच बघितलीस ना?

आई