तक्रार: तुमचा स्लिम कॅमेरा आणि नाचणारी मुलगी

कस्टमर केअर प्रमुख,

पाच मिनिटांपूर्वी तुमच्या माणसाने फोन ठेवला म्हणून हे लिहितेय. तक्रार नंबर तुमच्याकडे आहेत, एक नाही तीन, कारण दर वेळी नवीन देता आणि दर वेळी मला सगळी रामकहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. कॅमेरा तुम्हीच बनवलाय त्यामुळे आत काय आहे ते मी सांगायला नको. फोटो टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, त्यावर २० मेगापिक्सेल कोंबलेत, आणि झूम पूर्ण ताणला की लेन्स एफ ३.२ वरून थेट एफ ६.९ वर (आकडा वाढला की लेन्सचं तोंड बारीक), म्हणजे उजेड चौथा हिस्साही उरत नाही. हे बॉक्सवर कुठे लिहिलंय? बॉक्सवर लिहिलंय 'इमेज स्टॅबिलायझेशन', म्हणजे हात हलला तरी फोटो हलणार नाही, आणि शेजारी धावणाऱ्या पोराचा चकाचक फोटो.

तर झालं असं की मुलीचा शाळेत डान्स होता. पन्नास फोटो काढले, त्यातले दाखवण्यासारखे दोन, दोन्हीत ती उभी आहे, कारण गाणं सुरू व्हायचं होतं. बाकीच्यांची माहिती उघडून बघितली तर शटर १/८ सेकंद उघडं, तेवढ्यात नाचणारी मुलगी हलणारच, आणि आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा, १६००, त्याने फोटो खराब होतो. म्हणजे एक तर मुलगी धूसर, नाहीतर चेहरा पाण्यात भिजलेल्या रंगपेटीसारखा. हेच मी तुमच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला,

"मॅडम, फोटो काढताना हात स्थिर ठेवायचा."

मी म्हटलं कॅमेरा पुढच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवला होता, मागचा पडदा बघा, माइकचा स्टँड बघा, सगळं कसं शार्प आहे, फक्त मुलगीच हललीये. हात हलला असता तर पडदाही हलला असता ना? थोडा वेळ शांतता. मला वाटलं पटलं वाटतं. मग म्हणतो,

"मग मॅडम, मुलीला स्थिर उभं राहायला सांगायचं."

ती नाचत होती हो! डान्स होता तो! मी दोनदा सांगितलं की ती नाचत होती, तरी त्याने मॅन्युअलचं पान वाचायला घेतलं, 'पुरेसा प्रकाश असल्याची खात्री करा'. म्हटलं स्टेजवर जाऊन ट्यूबलाइट लावू का? त्यावर पठ्ठ्या काय म्हणावा, "मॅडम, तुमच्याकडे मोबाइल असेलच ना, अशा वेळी लोक मोबाइलच वापरतात." कॅमेरा कंपनीचा माणूस! मग तुम्ही हे यंत्र विकता कशाला, टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून? त्यालाही हा हलका पडेल, इतका स्लिम आहे.

आणि ते स्टॅबिलायझेशन. आत काहीही हलत नाही, ना लेन्स ना सेन्सर, तो मोड फक्त आयएसओ वाढवतो. वाढवा, पण त्याला तेच नाव देऊ नका. खरं ऑप्टिकल, म्हणजे लेन्स हलवून हाताचा धक्का सावरणारं, असतं तरी नाचणारी मुलगी थांबली नसती एवढं मलाही कळतं, पण मग बॉक्सवर धावणारं पोर कशाला छापलंत? त्याला कोणी स्थिर उभं राहायला सांगितलं होतं का?

बॅटरीचं मी बोलतच नाही, ती कार्यक्रम संपायच्या आधीच गेली. आणि फ्लॅश कोपऱ्यात अशा जागी बसवलाय की पकडायचं बोट बरोब्बर त्याच्यावर येतं, अर्थात बोट नसतं तरी तो तीन-चार मीटरच्या पुढे पोचतच नाही.

सगळ्यात वाईट याचं वाटतं की आमच्या बाबांकडे तुमचाच रोलवाला कॅमेरा होता. ३६ फोटोंचा रोल, त्यात चार-पाच वाया गेले तर बाबा हळहळायचे. म्हणून मी दुकानात दुसऱ्या कंपनीकडे बघितलंसुद्धा नाही. चूक माझी.

कॅमेरा परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. रिपेअर नको, त्यात रिपेअर करण्यासारखं काही नाही, तो असाच बनवलाय. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर बॉक्स, बिल आणि ते पन्नास फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाणार आहे. तुमचे कॉल रेकॉर्ड होतात म्हणे, तर आजचा कॉल जपून ठेवा, तिथे ऐकवायला लागेल.

आणि परत फोन करू नका. केलाच तर मॅन्युअल वाचलेल्या नाही, फोटो काढलेल्या माणसाला करायला सांगा.