हूडी-शॉर्ट्सबंदीची नोटीस मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती

विषय: क्लबहाउस, बाग व वाचनकक्षातील कपड्यांविषयीची नोटीस

महोदय,
स. न. वि. वि.

तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींनी हूडी, शॉर्ट्स किंवा फाटकी जीन्स घालून क्लबहाउस, बाग आणि वाचनकक्षात यायचे नाही, आले तर पालकांना ५०० रुपये दंड, अशी नोटीस बी विंगच्या लिफ्टशेजारी लागली आहे. माझी तिला हरकत आहे.

कारण दिले आहे पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटा फाडल्याचे. त्याचे सीसीटीव्ही फुटेज मीही सोसायटीच्या ऑफिसात पाहिले. त्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट बंद, माणूस पाठमोरा, डोक्यावर हूडीची टोपी. तो पंधराचा की पस्तिशीचा, आपल्यातला की भिंतीवरून आलेला, काहीच कळत नाही. तेवढ्यावरून कॉलेजला जाणारी सगळी पोरे संशयित?

हूडी ही पोरे का घालतात, ते एकदा त्यांच्या क्लासमध्ये बसून पाहावे. एसी असा सोडलेला असतो की दोन तासांत बोटे गारठतात. परवा आमच्या मजल्यावरची बारावीतली मुलगी क्लासहून थेट वाचनकक्षात गेली, तर वॉचमनने दारातच अडवले. "ताई, वरून ऑर्डर आहे," एवढेच तो बिचारा खाली मान घालून म्हणाला. ती जिन्यावर बसून गणिते सोडवत होती.

मोठ्यांना मात्र सगळे माफ. पहाटे बागेत बर्म्युडा आणि बनियनवर फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठांत समितीचे सदस्यही असतात. असोत बापडे, माझी तक्रार नाही. २०२३ मध्ये ग्रेटर नोएडातल्या एका सोसायटीने लुंगी आणि नाइटी घालून आवारात फिरू नका, असा फतवा काढला होता आणि देशभर हसे झाले होते. त्यात निदान तरुण पोरांना वेगळे काढले नव्हते.

हूडीबंदीही नवी नाही. इंग्लंडात केंट परगण्यातल्या ब्लूवॉटर मॉलने २००५ साली हूडी आणि बेसबॉल टोप्यांवर बंदी घातली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी पाठिंबाही दिला. गंमत म्हणजे त्याच मॉलमधल्या दुकानांत हूड्या विकायला होत्या! म्हणजे पैसे द्या, पण घालून फिरू नका.

आता दंडाचे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, दंड ठरवायचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. समितीने परस्पर आकडा लिहून चालत नाही. समितीला हा नियम हवाच असेल, तर सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या वार्षिक सभेत तो विषयपत्रिकेवर घ्यावा आणि त्या दिवशी मुलांनाही बोलायला बोलवावे. नुकसान कोणी केले हे शोधायचे असेल, तर पोलिसांत तक्रार द्यावी. मी सोबत येईन.

तोवर नोटीस काढावी, वाचनकक्ष मुलांना पूर्वीसारखा खुला करावा आणि पार्किंगमधली ती ट्यूबलाइट बदलावी. तिच्याबद्दलचा माझा तक्रार अर्ज पावसाळ्याआधीपासून आपल्याकडे पडून आहे.

उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

आपली,
सी विंगमधील एक सभासद

प्रत: मा. सचिव